जड ते घरपोच, हलकं ते स्वतः: ज्येष्ठांच्या वसाहतीत किराणा, भाजी आणि बाहेरचं जेवण

पुण्यात पाषाण, बाणेर, बावधन या बाजूला परांजपे स्कीम्सच्या ‘अथश्री’सारख्या खास ज्येष्ठांसाठीच्या वसाहती उभ्या राहिल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. पेठेतलं किंवा दादर-डोंबिवलीचं घर सोडून इथे येणारी मंडळी घर घेताना सगळं तपासतात. लिफ्ट आहे का, उतार आहे का, न्हाणीघरात धरायला दांडा आहे का, दवाखाना किती लांब. कोथिंबीर कुठून आणायची हे मात्र सामान लावून झाल्यावर तिसऱ्या दिवशी लक्षात येतं. जुन्या घरी जिना उतरलं की वाणी होता. इथे वाहता रस्ता ओलांडून जावं लागतं, आणि परत येताना हातात पिशवी असते.

मग दोनपैकी एक होतं. काही जण सगळं ॲपवर मागवायला लागतात आणि महिनोन्‌महिने फाटकाबाहेर पडत नाहीत. काही जण हट्टाने दहा किलोचा आटा स्वतः उचलून आणतात आणि कंबर धरून बसतात. दोन्ही टाळायचं असेल तर एक साधी वाटणी करा. जे जड आहे ते घरपोच मागवा, जे हलकं आहे त्यासाठी स्वतः बाहेर पडा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच वाटणीच्या आहेत.

पायरी १: जुनी यादी फाडा

तुमच्याकडे वाण्याची जी यादी आहे ती बहुधा चार-सहा माणसांच्या घराची आहे. मुलं गेली, सासूबाई गेल्या, यादी राहिली. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरायचे, तूरडाळ ऊन दाखवून डब्यात ठेवायची, तेलाचा पंधरा किलोचा डबा आणायचा, ही शिस्त त्या घराला शोभत होती. दोघांच्या घरात त्याच शिस्तीने रव्यात अळ्या होतात, सुकं खोबरं खवट होतं आणि शेंगदाणे बुरसतात. बुरसलेले दाणे निवडून, भाजून वापरायचा मोह अजिबात नको. त्या बुरशीचं विष यकृताला घातक असतं आणि भाजल्याने ते जात नाही.

नवी यादी अंदाजाने करू नका. महिनाभर प्रत्येक डब्यावर, तो भरला ती तारीख चिकटपट्टीवर लिहून ठेवा. संपला की दुसरी तारीख. महिन्याअखेर तुमचा खरा खप डोळ्यासमोर येतो, आणि तो पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटतं.

दोन गोष्टींचा हिशेब मात्र खपावरून न करता उलटा करायचा. पहिली मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे दोघांना महिन्याला ३०० ग्रॅम, आणि एक किलोचा पुडा तीन महिने तरी पुरायला हवा. शिवाय लोणचं, पापड, फरसाण, बिस्किटं यांतलं मीठ याच हिशेबात येतं. तुमचा पुडा दीड महिन्यात संपत असेल तर रक्तदाबाच्या गोळीला दोष देण्याआधी पुड्याकडे बघा. दुसरी गोष्ट तेल. बैठं आयुष्य असेल तर माणशी दिवसाला साधारण २० ग्रॅम तेल-तूप धरा. दोघांचं महिन्याला १२०० ग्रॅम, म्हणजे सव्वा लिटरच्या जरा वर. तूपही त्यातच. पाच लिटरचा कॅन स्वस्त पडतो खरा, पण तो उघडल्यावर तीन-चार महिने तेल हवेशी खेळत राहतं आणि शेवटी वास मारतं. एक लिटरची पिशवी घ्या.

रवा, बेसन, मैदा, दाणे आणि खोबरं थोडं आणून फ्रिजमध्ये ठेवा. डाळीला एरंडेल चोळायची पद्धत चांगली आहे. गव्हाला बोरिक पावडर लावायची जुनी सवय मात्र सोडून द्या, ती पोटात जायची वस्तू नव्हे.

पायरी २: यादीची उभी दोन भागांत घडी घाला

डावीकडे जड: आटा, तांदूळ, तेल, साखर, कांदे-बटाटे, नारळ, फरशी पुसायचं आणि कपडे धुवायचं सामान. उजवीकडे हलकं: पालेभाजी, फळं, पाव, दही, फुलं, औषधं. डावी बाजू महिन्यातून एकदा किंवा दोनदा घरपोच येईल. उजव्या बाजूसाठी दिवसाआड खाली उतरायचं, आणि ते उतरणं ओझं न मानता दिवसाच्या वेळापत्रकातच घालायचं. पिशवी दोन्ही हातांत सारखी विभागा, एका हातात दोन-अडीच किलोंपेक्षा जास्त नको. काठी वापरत असाल तर पाठीवरची सॅक घ्या. लाज वाटायचं कारण नाही, कॉलेजातल्या मुलांनी तिची मक्तेदारी घेतलेली नाही. चाकांची पिशवी दिसायला सोयीची, पण आपल्या पदपथांवर ती ओढण्यापेक्षा उचलावीच जास्त लागते.

पायरी ३: जड माल कुणाकडून

माझं पहिलं मत कोपऱ्यावरच्या वाण्याला. तो व्हॉट्सॲपवर यादी घेतो, टाइप करायचा कंटाळा असेल तर आवाजातला निरोप चालतो. माल देणारा मुलगा आटा डब्यात ओतून देतो आणि खराब निघालेली डाळ दुसऱ्या दिवशी बदलून मिळते. शिवाय अर्धा किलो, पाव किलो सुटं मागता येतं, जे दोघांच्या घराला फार महत्त्वाचं आहे. सुरुवातीलाच दोन गोष्टी ठरवून घ्या: बिल छापील किंवा हाताने लिहिलेलं पण प्रत्येक वेळी हवं, आणि पैसे माल तपासल्यावर. दुपारी एक ते चार त्याला फोन करू नका, हे सांगायची पुण्यात तरी गरज नसावी.

ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट, बिगबास्केट ही ॲपं अडीनडीला उत्तम. पावसात, तापात, अचानक पाहुणे आल्यावर त्यांना तोड नाही. पण पैसे भरण्याआधीचा शेवटचा पडदा सावकाश वाचा. हाताळणी शुल्क, थोड्या मालाचं शुल्क, पावसाचं शुल्क अशा ओळी तिथे असतात. न मागता टोपलीत टाकलेली वस्तू किंवा आधीच खूण केलेली देणगी दिसली तर ती काढा. ग्राहकाला असं गुंडाळण्याला केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. दहा मिनिटांत येणारा मुलगा जिने चढून धापा टाकत असतो. त्याला लिफ्टची चावी किंवा फाटकाचा नियम आधीच कळला तर त्याचाही वेळ वाचतो.

तिसरा मार्ग जरा जुन्या वळणाचा आहे आणि ज्येष्ठांच्या वसाहतीला तो सगळ्यात जास्त जमेल असं मला वाटतं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५पासून ही पद्धत चालवते. शेजारच्या कुटुंबांचा एक संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल एका घरी उतरतो आणि सभासदच तो वाटून घेतात. वसाहतीत याला लागणारं सगळं आधीच हजर असतं. मोकळा हॉल, मोकळा वेळ आणि हिशेबात एक रुपया न चुकणारे निवृत्त बँकवाले. पंचायतीचे सभासद होता आलं तर उत्तमच. नाही तर त्याच धर्तीवर आठ-दहा घरांनी मिळून घाऊक दुकानातून तांदूळ-डाळीची पोती मागवावी. कामं वाटून घ्या: एक जण मागणी गोळा करील, दुसरा वजन करील, तिसरा पैशांची वही ठेवील. मागणी नोंदवतानाच पैसे भरायचे, हा नियम पहिल्या महिन्यापासून पाळा. उधारीवर चाललेला संघ मैत्रीसकट बुडतो.

पायरी ४: भाजी, म्हणजे बाहेर पडायचं निमित्त

फाटकाशी टेम्पो किंवा हातगाडी येत असेल तर दिवस आणि वेळ ठरवून घ्या. सकाळी नऊनंतर, म्हणजे फिरणं आणि न्याहारी उरकलेली असते. दहा-बारा गिऱ्हाइकं एका वेळी नक्की मिळणार असतील तर भाजीवालाही खुशीने पावशेराच्या जुड्या बांधून देतो. सोललेले मटार, चिरलेला भोपळा, निवडलेली मेथी महाग पडते हे खरं. पण बोटांना संधिवात असेल तर तो खर्च मी औषधाच्या खात्यात टाकीन. शेतकरी आठवडे बाजार जवळ भरत असेल तर आठवड्यातला तो एक दिवस राखून ठेवा.

कधीतरी मंडईत जा. आता ते पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. सप्टेंबर २०२४मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि त्यावर मंडई हे स्वतंत्र स्थानक आहे. कोथरूडच्या बाजूने येणाऱ्यांनी वनाज-रामवाडी मार्गाने जिल्हा न्यायालय गाठायचं आणि तिथे गाडी बदलायची. लिफ्ट शोधायला पाच मिनिटं जादा धरा. ज्या मंडईच्या बांधकामावरच्या खर्चाला जोतिराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला, तिला पुढे त्यांचंच नाव मिळालं, हा किस्सा सोबतच्या नातवाला सांगायला बरा. जायचं मधल्या वारी, सकाळी, आणि आणायचं फक्त हलकं: अंजीर, करवंदं, अळूची पानं, सुरळीच्या वड्यांवर घालायला ताजी कोथिंबीर. बटाटे मंडईतून आणू नयेत. पायरी दोन.

पायरी ५: पाकिटामागची बारीक अक्षरं आणि तुमच्या गोळ्या

भिंग घेऊन जा किंवा फोनने फोटो काढून मोठा करून वाचा. आधी तारीख, मग वजन. बारा रुपयांच्या आणि वीस रुपयांच्या पाकिटांत कुठलं स्वस्त, हे आता डोक्यात गणित न करताही कळतं, कारण किलोमागे किंवा ग्रॅममागे किती दर पडतो तेही पाकिटावर छापलेलं असतं. मिठाईच्या दुकानात सुट्या मिठाईच्या ताटाशी ती कधीपर्यंत खावी हे लिहिणं ऑक्टोबर २०२०मध्ये बंधनकारक केलं होतं. लिहिलेलं नसेल तर विचारा, खव्याच्या मिठाईला तर नक्कीच.

गोळ्यांशी संबंध असलेल्या चार गोष्टी लक्षात ठेवा, आणि अंतिम शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

कमी सोडियमचं मीठ ‘आरोग्यदायी’ म्हणून सर्रास घेतलं जातं. त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ घरात आणू नका. रोजच्या शहाळ्याचंही तेच.

वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर पालक-मेथी बंद करायची नसते, प्रमाण सारखं ठेवायचं असतं. आठवडाभर काही नाही आणि रविवारी ताटभर पालेभाजी, हे नको.

कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं आणि पपनसाचं जमत नाही. त्या सुरू असतील तर पपनस आणण्याआधी विचारा.

मधुमेह असेल तर ‘शुगर फ्री’ बिस्किटांत मैदा आणि तेल तेवढंच असतं, हे पाठीमागचा तक्ता सांगतो.

खरेदीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते प्रथिनांकडे. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम तरी हवीत, आणि उतारवयात थोडी जास्तच, असं बरेच तज्ज्ञ म्हणतात. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात, दोन पेले दुधातून तेरा, तीन पोळ्यांतून आठ-नऊ, मूठभर दाण्यांतून सहा, वाटीभर उसळीतून सहा-सात. म्हणजे दोन्ही वेळा नीट जेवलात तर कसाबसा हिशेब जुळतो. रात्री चहा-खारीवर भागवलंत की तो कोसळतो. ‘आता या वयात काय लागतं’ हे वाक्य या वसाहतींत फार ऐकू येतं, आणि मांडीचे स्नायू त्याचीच किंमत मोजतात. म्हणून यादीत मोड आणायला मूग-मटकी, पनीर, चालत असतील तर अंडी या ओळी आधी लिहा, खारी-टोस्ट नंतर.

पायरी ६: भोजनकक्ष, डबा की घरचा गॅस

बऱ्याच वसाहतींत सामायिक भोजनकक्ष असतो. कुठे महिन्याचे पैसे, कुठे कुपनं. वर्षाचा किंवा सहा महिन्यांचा करार एकदम करू नका. आधी पंधरा दिवस जेवून बघा आणि हे विचारा: आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत ‘उद्या नाही’ सांगितलं तर पैसे वळते होतात? आजारपणात डबा खोलीत मिळतो का, त्याचे वेगळे पैसे किती? रात्रीचं जेवण किती वाजता? साडेसहाला जेवण आणि सकाळी आठला न्याहारी, असं असेल तर इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून झोपण्यापूर्वीच्या खाण्याची सोय करावी.

पुणेरी आमटीत गूळ असतो, भाजीत चिमूट साखर असते. मधुमेहींनी तक्रार म्हणून बोलण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून ‘आमचं वरण वेगळं, गूळ न घालता काढा’ अशी मागणी केली की आचारी ऐकतो. एकट्याचं ऐकलं जात नाही. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी ठरलेली. तिच्यासोबत वाटीभर दही आणि काकडीची कोशिंबीर मागा, किंवा राजगिऱ्याच्या भाकरीचा पर्याय ठेवायला लावा. दातांचा त्रास असणाऱ्यांसाठी मऊ भात आणि भाकरी कुस्करायला जास्तीची आमटी, इतकं कुठेही जमतं.

मला मधला मार्ग आवडतो. दुपारचं जेवण खाली सगळ्यांबरोबर, रात्रीचं साधं काही घरी. किंवा पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आणि भाजी-वरण घरचं. पोळ्या लाटणं हे खांद्याचं काम आहे, फोडणी देणं जिभेचं. खांदा थकतो तेव्हा जिभेचं काम सोडायचं कारण नाही. गॅस पूर्ण बंद केलेल्या घरात दोघांची बोलण्याची एक जागाच जाते, हे मी आसपास पुष्कळ पाहिलंय.

पायरी ७: बाहेर जेवायला जाणं

यासाठी भिशी करा. दहा जण, दरमहा ठरलेली रक्कम, एक खजिनदार, महिन्यातून एक जेवण. प्रत्येक वेळी टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) करताना जो वेळ आणि जे रुसवेफुगवे खर्च होतात ते वाचतात. जो येऊ शकला नाही त्याचे पैसे पुढच्या महिन्यात वळते. एकट्या राहणाऱ्यांना आधी विचारा. जोडप्यांच्या टेबलावर आपण उपरे, असं वाटून तेच पहिल्यांदा येणं थांबवतात. सामिष खाणारे आणि न खाणारे असतील तर आलटून-पालटून जागा निवडा, श्रावण सोडून.

जागा ठरवताना पदार्थांची यादी सगळ्यात शेवटी. आधी फोनवर विचारा: पायऱ्या किती, कठडा आहे का, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, कमोड आहे का, खुर्च्या हलवता येतात की बाक भिंतीत बसवलेले आहेत. कानाला यंत्र असेल तर स्वयंपाकघराच्या दारापासून आणि स्पीकरपासून लांबचं, भिंतीलगतचं टेबल मागा. दुपारी बाराच्या आत किंवा संध्याकाळी सातच्या सुमारास, मधल्या वारी. फर्ग्युसन रस्त्यावरच्या ‘वैशाली’त रविवारी सकाळी उभं राहण्याची हौस गुडघ्यांना विचारूनच करावी. संकष्टीला चंद्रोदयानंतर मराठी जेवणाच्या जागा भरून वाहतात, तेव्हाही नको.

‘श्रेयस’ किंवा ‘दुर्वांकुर’सारख्या ठिकाणच्या थाळीचं अप्रूप आहेच. पण हवं तेवढं वाढणाऱ्या थाळीत तुम्ही तिशीतल्या भुकेचे पैसे देता. दोन महिन्यांतून एकदा सणासारखी जा, एरवी मोजकं मागवता येईल अशी जागा बरी. चौघांत तीन पदार्थ, संपले तर चौथा. गोड एक, चमचे चार. मस्तानीलाही हाच नियम, मधुमेही मंडळींसाठी तर एक चमचा आणि दुसऱ्यांचा आनंद.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ताट समोर येईपर्यंत डोस घेऊ नये आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. टेबल मिळायला अर्धा तास आणि पदार्थ यायला आणखी अर्धा, यात साखर खाली जाते. घाम, थरथर, एकाएकी चिडचिड दिसली तर आधी साखर द्या, वाद नंतर. परतीची गाडी जाण्याआधीच ठरवा. रात्री नऊला दहा ज्येष्ठांनी रस्त्याच्या कडेला रिक्षांना हात करत उभं राहणं टाळायलाच हवं.

बिलात सेवाशुल्क आपोआप लावलेलं असेल तर ते काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये ते परस्पर लावण्याला मनाई केली आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही भूमिका उचलून धरली. जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो. वाढणाऱ्या मुलाला खुशीने काय द्यायचं ते खजिनदाराने आधी ठरवून सुटे ठेवावेत. काढायला नकारच मिळाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

उरलेलं बांधून घेतलंत तर शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, आणि दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून एकदाच खायचं. जेवण आटोपून तुम्ही बागेत गप्पा मारत बसणार असाल तर डबा घेऊच नका.

पैशांबद्दल थोडक्यात

यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. पैसे ‘मिळण्यासाठी’ कुणी पिन टाकायला किंवा कोड स्कॅन करायला सांगितलं तर तो चोर आहे, मग तो परतावा देणारा असो की डबेवाल्याचा ‘मॅनेजर’. फसलात तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३०वर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. स्वतःचं खातं फोनला जोडायची भीती वाटत असेल तर यूपीआय सर्कलमध्ये मुलगा किंवा मुलगी तुम्हाला स्वतःच्या खात्याशी जोडू शकते. त्यात एका व्यवहाराला ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत मर्यादा घालून खर्च करता येतो. किराण्यासाठी ती पुरे. भाजीवालीसाठी मात्र दहा-वीसच्या नोटा खिशात ठेवा, सकाळी नऊला पाचशेचे सुटे तिच्याकडे नसतात.